आधी शीर्ष, मग गरज

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 22 सरळ आहे: शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करावा आणि त्याच्या आधारे सरकारने निधी द्यावा. जिल्हा परिषदेच्या शाळांत हा क्रम बहुधा वरून खाली येतो. आधी लेखाशीर्ष उतरते, मग त्याला शोभेल अशी गरज शोधली जाते. पत्रे गळत असले आणि शीर्ष संगणकाचे असले, की आराखड्यात 'डिजिटल साक्षरता' हे ध्येय उगवते. संगणकावर प्लास्टिक मात्र पावसासाठी घालावे लागते.

समग्र शिक्षाचे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते आणि त्यातला किमान 10 टक्के हिस्सा स्वच्छतेसाठी असतो. पैसा फेब्रुवारीत उगवला, तर 31 मार्चच्या आत मुख्याध्यापकांना तीन दरपत्रके जमवावी लागतात. तिन्हींत 'खडू' हा शब्द एकाच वळणाने चुकलेला असू शकतो. निधी संपणे हेच तेव्हा उद्दिष्ट, आणि ते हमखास साध्य होते.

वरच्या पातळीवर सातत्य अधिक आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च हे कोठारी आयोगाचे (1964-66) उद्दिष्ट 1968, 1986 आणि 2020 च्या धोरणांनी निष्ठेने पुन्हा लिहिले. अंदाजपत्रकाने ते अजून वाचलेले दिसत नाही.