वातावरण सांगणारे गृहस्थ

मराठवाड्यातील शहरी राजकारणाच्या अभ्यासकाला उमेदवार, कार्यकर्ता आणि मतदार हे घटक परिचित असतात. परंतु नांदेड आणि लातूर या दोन शहरांत आणखी एक घटक आढळतो, जो निवडणुकीस उभा राहत नाही, कोणाचा गमछा गळ्यात घालत नाही, आणि तरीही त्याच्यावाचून कोणतीही निवडणूक पार पडत नाही. हा म्हणजे ‘वातावरण’ सांगणारा गृहस्थ. त्याचे वय पन्नाशीपुढचे आणि पेन्शन बहुधा पाटबंधारे खात्याची किंवा जिल्हा परिषदेची असते. सकाळी फिरून झाल्यावर तो नांदेडात आयटीआय चौकात आणि लातुरात औसा रोडवर चहाच्या टपरीपाशी उभा राहतो, तेथे कोणीतरी “काय म्हणतंय वातावरण?” असे विचारतो, आणि कोणी न विचारल्यास तो तेही काम स्वतःच करतो.

त्याची परिभाषा ठरलेली असते. एखाद्या भागात प्रतिस्पर्ध्यापेक्षा जी मते अधिक पडतात ती ‘लीड’, एका समाजाची किंवा वस्तीची एकत्र पडणारी मते म्हणजे ‘गठ्ठा’, आणि उमेदवार निवडून येणे म्हणजे ‘सीट निघणे’. घरी आलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तो भोकर, नायगाव, मुखेड अशी नावे एकाखाली एक लिहितो, प्रत्येकापुढे लीडचा आकडा मांडतो आणि बेरीज मनाजोगी आली नाही तर मुखेडचा आकडा वाढवतो. (मुखेडच का, याचा उलगडा अद्याप झालेला नाही, टपरीवर मुखेडचे कोणी नसते, एवढेच निरीक्षण नोंदवता येते.) वधूवरांची नावे मागे शाबूत असतात, परंतु लग्नाची तारीख मात्र त्याच्या ध्यानातून गेलेली असते.

इतिहासाचे त्याचे ज्ञान खरोखर दांडगे असते, हे मान्य केले पाहिजे. १९८९ साली नांदेडात अशोक चव्हाणांना जनता दलाच्या डॉ. व्यंकटेश काब्दे यांनी पाडले, १९९५ साली लातुरात विलासराव देशमुखांना शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी पाडले, आणि सलग सात वेळा लोकसभेवर गेलेले शिवराज पाटील चाकूरकर २००४ साली रूपाताई पाटील निलंगेकरांकडून पराभूत होऊनही देशाचे गृहमंत्री झाले, हे सारे तो एका दमात सांगतो. यांपैकी प्रत्येक निकाल ‘आपण आधीच सांगितला होता’ अशी पुस्ती तो जोडतो. निकालानंतर कारण सापडले नाही, असे त्याच्या बाबतीत सहसा होत नाही. नांदेडच्या महापालिकेत २०१२ साली एमआयएमने ११ जागा घेतल्या तेव्हा ‘गठ्ठा फुटला’, आणि २०१७ साली काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा जिंकून एमआयएमला एकही जागा मिळू दिली नाही तेव्हा ‘गठ्ठा परत आला’. मधल्या पाच वर्षांत हा गठ्ठा कोठे होता, हे विचारणाऱ्यास चहा मिळत नाही. त्याच २०१७ साली लातूर महापालिकेत आदल्या निवडणुकीत शून्यावर राहिलेला भाजप ७० पैकी ३६ जागांवर पोहोचला, त्याचे श्रेय त्याने एकदा मिरजेहून आलेल्या पाण्याच्या रेल्वेला आणि एकदा दिल्लीला दिले.

त्याच्या विद्येची पहिली मोठी परीक्षा २०१९ साली लातूर ग्रामीण मतदारसंघात झाली. तेथे धीरज देशमुख विजयी झाले, परंतु दुसऱ्या क्रमांकाची मते कोणा उमेदवाराला न मिळता ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला मिळाली. नोटाला जात नाही, भाऊबंद नाहीत, साखर कारखाना नाही, त्यामुळे त्याची लीड कोणत्या रकान्यात मांडावी हे लातूरच्या गृहस्थास उमगेना.

नांदेडच्या गृहस्थाची परीक्षा याहून अवघड निघाली. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे २० नोव्हेंबर २०२४ रोजी लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच झाली. एकाच मतदाराने, एकाच खोलीत, दोन यंत्रांवर दोनदा बटण दाबले. लोकसभेच्या सहाही विधानसभा मतदारसंघांत महायुतीची सीट निघाली आणि त्याच सहा मतदारसंघांच्या बेरजेतून काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी खासदार झाले. ज्याच्या शास्त्राचा पायाच मुळी ‘माणूस ठरलेला असतो’ हा, त्याच्यापुढे माणसाने पाच-दहा पावलांत मत बदलल्याचा पुरावा आला.

यावर त्याने आरंभी यंत्रे, मग उमेदवाराविषयीची सहानुभूती, मग ‘वरून आलेला निरोप’ अशी कारणे क्रमाने मांडली. घरी मात्र त्याने नमुना-पाहणी करण्याचे ठरवले आणि पत्नीला दोन्ही यंत्रांवर काय दाबले असे विचारले. “तुम्हाला मुखेडचं कळतं ना, मग घरचं बी कळंल की,” एवढे बोलून त्या पोळ्या लाटू लागल्या. मुलाने मोबाइलमधून मान वर काढली नाही. तीन मतांच्या या बूथवर लीड कोणाची, हे त्याला आजतागायत सांगता आलेले नाही. स्वतःच्या मताविषयी विचारल्यास तो ‘आपण माणूस बघून देतो’ असे म्हणतो, आणि ही सवलत नांदेडातील अन्य कोणाही मतदाराला तो देत नाही.

पैजेचा प्रश्न तेवढा शिल्लक होता. ‘सगळं एकाच बाजूला जाणार’ यावर ढाब्यावरचे मटण लागले होते. सहा मतदारसंघ मोजले तर तो जिंकला होता, लोकसभा मोजली तर हरला होता. दोन्ही पक्षांनी आपापला विजय जाहीर केला, बिल टपरीवाल्याच्या मध्यस्थीने निम्मे-निम्मे ठरले, आणि हाडूक चोखता चोखता चर्चा महापालिकेच्या प्रभागांवर आली, तेव्हा गृहस्थाने वेटरकडे पेन मागितला.