दरबारी लाडके व्हावे कसे: नवशिक्यांसाठी

पांढुर्णा-सौसरकडच्या होतकरूंनी या विद्येसाठी दिल्लीकडे डोळे लावू नयेत. आपल्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने, हा अभ्यासक्रम चढण्यापासून पडण्यापर्यंत पुरा करून ठेवला आहे.

आधी घरात भाऊबंदकी हवी. नसेल तर लावून घ्यावी. आपल्याकडे एका धुऱ्यावरही भागते. बख्त बुलंदला गादीचे भांडण आयते मिळाले. १६८६ च्या सुमारास तो औरंगजेबाकडे गेला, मुसलमान झाला आणि बादशहाच्या पाठबळावर गादी घेऊन परतला.

इथे एक बारकावा आहे, तो नीट गिरवावा. धनी मागेल ते सगळे देऊन टाकू नये. परंपरा सांगते, त्याने अट घातली होती: पंगतीला तुमच्या बसेन, पण सोयरीक गोंडांतच करीन. नवशिके नेमके इथे घसरतात. साहेबांच्या नातवाचे बारसेही स्वतःच्या खर्चाने उरकतात.

वर पोचलात की लगेच मागे वळून पाहावे. तिथे दुसरा लाडका उभा असतो. याचा होता दीनदार. १६९१ मध्ये बादशहाने बख्त बुलंदला उतरवून देवगड त्याला दिले. "माझे काय चुकले?" असे विचारीत बसू नये. पुढे दीनदारही उतरला आणि नेकनाम आला. जागा कायम असते, माणूस हंगामी.

आता पडण्याचे तंत्र. बहुतेक जण इथे विनंतीअर्ज लिहितात. बख्त बुलंदने मराठ्यांशी संधान बांधले आणि मोगली मुलखात धुमाकूळ घातला. चिडलेल्या बादशहाने त्याचे नावच फिरवले: भाग्यवान बख्त बुलंदचा झाला 'निगून बख्त', पालथ्या नशिबाचा. या पालथ्या माणसाने १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी जोडून नागपूर वसवले. आपल्या सौसरची संत्री 'नागपुरी' म्हणून खपतात, ती उधारी त्याच्याच खात्यावर.

प्रात्यक्षिकासाठी किल्ला पाहून यावा. मोगली दप्तरात त्याचे नाव इस्लामगड. मोहखेडला उतरून ते विचाराल तर लोक तोंडाकडे पाहत राहतील, देवगड विचारा.