लोटाबंदी आणि लंगोटबंदी

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारच्या सप्तसूत्रीत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी यांच्या पंगतीला लोटाबंदीही, म्हणजे उघड्यावर शौचाला जायची बंदीही, बसलेली आहे. मतदान करणाऱ्या, कांद्याचा भाव तोंडपाठ असणाऱ्या माणसांनाही बसायची जागा बदलायला सूत्र लागतं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 साली सुरू झालं आणि ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा आली एप्रिल 2018मध्ये. दोन वर्षांच्या पोराचं लंगोट सोडणं मात्र बालवाडीच्या प्रवेशाआधी, मे महिन्याच्या सुट्टीतच उरकायचं असतं! डॉक्टर सांगतात, आवरून धरायचा ताबा साधारण दीड वर्षानंतर येऊ लागतो, काहींना तिसरंही सरतं. यावर आजीचा आक्षेप ठरलेला: आमची पोरं वर्षाची असतानाच सांगायची. सांगत नव्हती, आजी ओळखायची. झोपेतून उठलं, दूध प्यालं की पाय पसरून पावलांवर बसवायचं आणि 'शूऽऽ' करायचं. त्या घरात शिकलेली असायची ती आजी. शिवाय सुती लंगोट लगेच चुगली करायचा. डायपर सगळं पोटात घालतो. म्हणून डायपर फेकून द्या, असं मुळीच नाही. एसटीनं नगरहून पुण्याला निघालेल्या आईला हा सल्ला देणारा बाप्या बहुधा पुढच्या सीटवर घोरत असतो.

दुसरा आक्षेप, थोडा धाक हवाच. तो प्रयोग सरकारनं करून पाहिलाय. उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला गुड मॉर्निंग पथकं पहाटे शिट्ट्या फुंकत माळावर गेली, टमरेलं जप्त झाली, कुठे गुलाबाची फुलं देऊन लाजवलं. बरेच लोक त्यातून पथकाची वेळ तेवढी शिकले. पोरंही ओरडा खाल्ला की पलंगामागे जाऊन उरकतात. काही दाबून धरतात, मग खडा होतो, दुखतं आणि पुढे पॉट दिसला तरी भोकाड. बक्षिसाची कथा वेगळी नाही. 12,000 रुपयांच्या अनुदानातल्या कित्येक संडासांत गोवऱ्या नि सरपण सुखानं नांदलं. हौसेनं आणलेला बदकाचा पॉटही पोराच्या डोक्यावर टोपी म्हणून महिनाभर मिरवतो. वस्तू घरात आली, सवय यायची आहे. तिला वेळ द्यावा, आणि मुख्य म्हणजे एकांत. आपल्याकडे मोरीच्या दारात आजी, आत्या, काका अशी अख्खी ग्रामसभा भरते आणि दर मिनिटाला एकच ठराव येतो, 'झाली का?' एवढ्या कोरमपुढे झेडपीच्या अध्यक्षालाही झाली नसती.