घळ त्यांची, उतार आपला

भाऊकाकांची साखर उपाशीपोटी किती आणि जेवणानंतर किती, हे मेलबर्नच्या मराठी मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घराचं कर्ज किती उरलं, जावयाचा पगार किती, मूळव्याधीवर कुठलं मलम लागू पडलं, सगळं ते गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत उभ्याउभ्या सांगतात. फक्त एक विचारायचं नाही. शनिवारी पहाटे गाडीत यंत्र टाकून ते जातात कुठे?

"डनॉलीच्या बाजूला," एवढंच उत्तर मिळतं. या बाजूत टार्नागुला, मोलियागल, वेडरबर्न, मेरीबरो सगळंच मावतं. व्हिक्टोरिया राज्यातला हा मुलूख 'गोल्डन ट्रँगल' म्हणून ओळखला जातो. 1851 मध्ये इथे सोन्याची झुंबड सुरू झाली आणि भाऊकाकांच्या मते ती अजून संपलेली नाही.

सोनं शोधणाऱ्यांची ही एक जातच आहे. सुटीच्या दिवशी आयर्नबार्कच्या रानात अशी माणसं हेडफोन लावून, मान खाली घालून, हातातल्या मेटल डिटेक्टरची तबकडी डावी-उजवीकडे फिरवत हिंडत असतात. दोघं समोरासमोर आलेच तर "काही मिळालं?" "छे, नुसतं शिसं," एवढा संवाद होतो. दोघंही खोटं बोलतात आणि ते दोघांनाही कळतं. आपल्याकडे गुप्तधन काढायला पायाळू माणूस गाठायचे, त्याच्या डोळ्यांत अंजन घालायचे. काका पायाळू नाहीत, म्हणून त्यांना काही हजार डॉलर्सचं यंत्र घ्यावं लागलं, असं काकूंचं म्हणणं.

नवशिक्याला मात्र काका तत्त्व हातचं राखून न ठेवता शिकवतात. "सोनं काय शोधतोस? जमीन शोध!" रानात जुना खोल शाफ्ट दिसला की पोरगं हुरळतं आणि काका तोंड वाकडं करतात. "अरे, इतकं खोल खणलं म्हणजे सोनं तळाला होतं. तुझं यंत्र पोचणार हातभर! गुडघ्याएवढे, कमरेएवढे खड्डे कुठे आहेत ते बघ." मग टेकडीवरची पांढरी गारगोटीची शीर दाखवतात. त्या शिरेतून सोनं सुटतं, पावसापाण्यानं उतारावरून सरकत सरकत घळीत येतं. पण पाण्याच्या 19 पटीहून जड असा हा जिन्नस, त्याला घाई कसली? वाटेतच कुठेतरी बसकण मारतो. घळी 1850 च्या दशकातल्या लोकांनी धुऊन काढल्या, वाटेत बसलेल्यांची विचारपूस कोणी केली नाही. "घळ त्यांची, उतार आपला," असं म्हणून काका त्या उताराकडे वडिलोपार्जित असल्यासारखं बघतात. खरं सांगायचं तर हा भाग ते फार छान समजावतात. नुसतं ऐकून घरी परतावं.

पण मग दाखले सुरू होतात. 5 फेब्रुवारी 1869 ला मोलियागलला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना 'वेलकम स्ट्रेंजर' हा गोळा जमिनीखाली जेमतेम इंचभर सापडला. त्याला तोलेल असा काटा डनॉलीत नव्हता, म्हणून ऐरणीवर तोडून तुकड्या-तुकड्यांनी वजन केलं. त्यानंतर 1980. किंगोअरजवळ केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरनं 27 किलोंचा 'हँड ऑफ फेथ' मिळाला, तोही फूटभर खाली. हे काका अशा थाटात सांगतात, की हिलियर यांना जागा त्यांनीच दाखवली असावी. त्या साली काका नाशिकला नववीत होते.

एकदा मला बरोबर नेलं. डोळे बांधले नाहीत, पण फोन घरी ठेवायला लावला. रानात गेल्यावर काकांनी यंत्र दोनचारदा वरखाली करून तिथल्या लोहयुक्त मातीशी जुळवून घेतलं. तानपुऱ्यासारखी सलग गुणगुण हेडफोनमध्ये सुरू झाली आणि थोड्या वेळानं एके ठिकाणी ती किंचित लचकली. काकांनी बुटानं पाला सारला. पुन्हा लचकली. कुदळीला बसवलेलं चुंबक मातीत फिरवलं, त्याला काही चिकटलं नाही. म्हणजे लोखंड नव्हे! काकांचा श्वास बदलला. चार इंच लाल माती निघाल्यावर आवाज खड्ड्यातून ढिगात आला. प्लॅस्टिकच्या डावात माती भरून तबकडीवरून नेली, वाजली. अर्धी टाकून दिली, उरलेली वाजली. त्यातली पुन्हा अर्धी. शेवटी तळहातावर चिमूटभर माती आणि तिच्यात एक गोल, करडा, जड दाणा उरला. सशाच्या शिकारीतला छर्रा.

"शिसं जड असतं," काका खड्डा बुजवत म्हणाले. "ते इथे थांबलं, तर सोनंही इथेच थांबणार." छर्रा शिरेतून नाही, बंदुकीतून आला होता, हे बोलायची माझी छाती झाली नाही.

खड्डा बुजवणं हा नियम आहे आणि काका तो सोवळ्यासारखा पाळतात. त्यांच्या खिशात 'मायनर्स राइट' असतं. एकदा काढलं की 10 वर्षं चालतं, हातानं वापरायच्या अवजारांनी खणावं, सापडेल ते आपलं. 1854 मध्ये बॅलरॅटच्या खणणाऱ्यांनी दरमहाच्या जाचक परवान्याविरुद्ध युरेकाचं बंड केलं, त्यातून पुढच्या वर्षी हा हक्क मिळाला. काका या बंडाविषयी स्वातंत्र्यसैनिकाच्या आवाजात बोलतात.

काकूंचा हिशेब वेगळा. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत त्यांनी छर्रे, काडतुसं, बुटांचे खिळे आणि बिअरच्या डब्यांच्या कड्या भरून ठेवल्या आहेत. सोनं औषधाच्या बाटलीत आहे आणि बाटलीत औषधाला अजून भरपूर जागा आहे. "सोन्याची जमीनच हवी होती, तर लक्ष्मी रस्ता काय वाईट होता?" असं त्या दर धनत्रयोदशीला विचारतात.

यंदा नवं मॉडेल घ्यायचं ठरलंय. नवं यंत्र आलं की जुनी जमीन पुन्हा नवी होते, आधीच्या यंत्राला न लागलेले बारीक आणि खोल खडे त्याला लागतात, हे खरंही आहे. जुन्याचं गिऱ्हाईक परवा घरी आलं. गोरा, तरुण, पहिल्यांदाच घेणारा. त्यानं यंत्र हातात तोलून बघितलं, भाव मान्य केला आणि सहज विचारलं, यावर तुम्हाला सोनं कुठल्या भागात मिळालं?

काकांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. खिडकी लावून घेतली.

"ऑस्ट्रेलियात," म्हणाले.