फुलफॉर्मवाले सर

जिल्ह्याच्या प्रत्येक गावात इंग्रजीचे एक निवृत्त सर असतात. धाराशिवचे आमचे सर एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात सापडतात. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, समोर हाफ चहा, आणि शेजारच्या खुर्चीवर जो बसेल तो विद्यार्थी. वडिलांची पिढी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकली. घराण्यात इंग्रजी आणली ती सरांनी, आणि आता ती गावात वाटण्याची जबाबदारीही त्यांचीच.

सरांच्या मते इंग्रजीत शब्द नसतातच, सगळे फुलफॉर्म असतात.

"न्यूज म्हणजे? नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ!"

"आसं हाय व्हय!" समोरचा गार. न्यूज हे 'न्यू'चं साधं अनेकवचन, नव्या गोष्टी, एवढंच, असं कुणी म्हणालं तर सर विचारतात, "मग साउथ कुठं गेलं?"

'पॉश' म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. भारतात येताना बोटीच्या कुठल्या बाजूला ऊन लागत नाही, हे ते टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या गावाला इतकं रंगून सांगतात, की तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही, हे बोलायचं धाडस होत नाही. 'टिप'चा फुलफॉर्म तर वेटरलाच ऐकवतात. टिप मात्र ठेवत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये इथे ९३वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा पाहुण्यांना इथल्या गुलाबजामांसोबत हेही पचवावं लागलं असणार.

एकदा एका कॉलेजच्या पोराने मोबाइल पुढे केला. "सर, ओकेचा फुलफॉर्म खरंच हाय." २३ मार्च १८३९ च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ऑल करेक्ट' गमतीने चुकीच्या स्पेलिंगने लिहिलं, त्याची ही आद्याक्षरं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या निवडणुकीत ती गाजली आणि मग जगभर पसरली.

सरांचा चेहरा पडला. ऑल 'ओ'ने? करेक्ट 'के'ने? आयुष्यभर स्पेलिंगचे अर्धे-अर्धे मार्क कापणारा माणूस हे कसं सोसणार! "साफ खोटं," ते म्हणाले. "असा पेपर माझ्याकडे आला असता तर नापास केला असता."

इतक्या फुलफॉर्मांत खरा निघाला तो हा एकच, आणि सरांनी नाकारला तोही हाच. तेव्हा धाराशिवला आलात आणि सर भेटले, तर त्यांना 'ओके' म्हणू नका. 'बरं' म्हणा आणि चहाचे पैसे तुम्हीच द्या.