जित्याची खोड

प्रोग्राम लिहिण्याच्या प्रत्येक एडिटरला एखादी खोड असते, आणि ती बहुधा तो ज्या यंत्रावर वाढला त्या यंत्राची असते. यंत्र भंगारात जाते, खोड राहते.

केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये ‘ईडी’ लिहिला तेव्हा पडदा नव्हता, उत्तर कागदावर खडखडत उमटायचे. म्हणून चूक झाली की ईडी फक्त प्रश्नचिन्ह छापतो. काय चुकले ते ज्याचे त्याने ओळखावे.

बिल जॉय यांचा ‘व्हीआय’ (१९७६) बर्कलीतला. ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर तो घडला, त्याच्या कळफलकावर बाण एच, जे, के, एल या कळांवरच छापलेले होते आणि एस्केप आजच्या टॅबच्या जागी, करंगळीच्या टप्प्यात. पुढे बाणांना स्वतंत्र कळा मिळाल्या, एस्केप कोपऱ्यात गेली. व्हीआयचा वारस ‘विम’ (१९९१) अजूनही एच दाबला की डावीकडे सरकतो. त्यात शिरल्या शिरल्या अक्षर हे अक्षर नसते, आज्ञा असते. काहीच उमटत नाही म्हणून नवशिक्या चिडून डी दोनदा दाबतो आणि अख्खी ओळ नाहीशी होते. कोलन, क्यू, एंटर ही सुटकेची वाट बदल न केलेल्यांसाठी. ओळ घालवून बसलेल्याला क्यूपुढे उद्गारचिन्हही द्यावे लागते.

एमआयटीतल्या ‘ईमॅक्स’ला कंट्रोलची कळ सतत लागते. तिथल्या लिस्प यंत्रांवर ती स्पेसबारशेजारी, अंगठ्याखाली होती. आता ती करंगळीच्या वाट्याला आली आहे. ईमॅक्समध्ये टेट्रिस आहे, मानसोपचारतज्ज्ञाची नक्कलही आहे. करंगळीचा इलाज तेवढा नाही.

एडिटर आणि कंपायलर एकाच खिडकीत आणून लोकांची खरी सोय केली ती बोरलँडच्या टर्बो पास्कलने (१९८३). त्याचे भावंड टर्बो सी महाराष्ट्रातल्या कॉलेजांत चिरंजीव ठरले. डॉसचा काळ संपला, ६४ बिटी विंडोजने त्याला दारात उभे केले नाही, तर प्रयोगशाळांनी डॉसबॉक्समध्ये खोटा डॉस उभारून तोच निळा पडदा पुन्हा मांडला. प्रोग्रामच्या शेवटी गेटसीएच लिहायचे ते उत्तर पडद्यावर थांबावे म्हणून, हे कारण जर्नलमध्ये क्वचितच सापडे.

जावावाल्यांचे एक्लिप्स आणि इंटेलिजे, दोन्ही २००१ चे, चुका टाइप करतानाच दाखवतात. उघडेपर्यंत चहा होतो.

२०१५ चा व्हीएस कोड ज्या इलेक्ट्रॉनवर चालतो, त्यात अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. ते इलेक्ट्रॉन मुळात गिटहबने आपल्या ‘ॲटम’साठी बांधले होते. ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्याची रॅमची भूक मात्र व्हीएस कोडने इमानाने चालवली आहे.