जरा सरकून घ्या

आत्मविकासाची पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरी एक खोली जास्तीची असावी, असा माझा जुना संशय आहे. पहिल्याच प्रकरणात ते सांगतात, ‘घरातला एक शांत कोपरा निवडा.’ मुलुंडच्या वन बीएचकेत हॉलचे कोपरे चार. एकात वॉशिंग मशीन, दुसऱ्यात देव्हारा आणि देवांच्या पायाशी तांदळाचा डबा, तिसऱ्यात नातवाची बारावी आणि चौथ्यात आजींची मालिका. गॅलरी होती, ती ग्रिल बसवून केव्हाच आत घेतली. आता तिथे गाद्या, सायकल आणि गेल्या गणपतीचं मखर नांदतं. शांतता हवीच असेल तर ती लिफ्टमध्ये मिळते, तीही वीज गेल्यावर.

दुसरं प्रकरण बहुधा पहाटे पाचला उठण्याचं असतं. इथे त्यासाठी इच्छाशक्ती लागत नाही, पाणी पुरतं. नळाला वेळ असते, डब्याला वेळ असते आणि लोकलला तर मिनिटासकट वेळ असते. नुसतं पहाटे उठून माणूस थोर होत असता, तर बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरटी एक थोर बाई निघाली असती. निघालीही असेल, पण तिला स्वतःला ते कळायच्या आत कुकरची शिट्टी झाली.

पुस्तकातली वाढ ही ऐसपैस जागा असलेल्या माणसाची वाढ आहे. उपनगरात कुणी तसं वाढायचं मनावर घेतलं, तर त्याचं कोपर पहिल्या फटक्यात शेजाऱ्याच्या बरगडीत जातं. तरीही गंमत अशी, की मनाचा तोल शोधायला निघालेल्या लोकांनी आपली ठाणी नेमकी याच भागात टाकली. आणि प्रत्येकाला जागा मिळाली ती कुणीतरी सरकलं म्हणून.

अगदी जुन्यापासून धरायचं तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास तिथे लेणी कोरायला सुरुवात झाली आणि ते काम पुढे हजारएक वर्षं चाललं. शंभरावर लेणी आहेत. चैत्यगृह भव्य आहे, पण माझा जीव अडकतो तो भिक्षूंच्या लहान लहान खोल्यांत. एक खोली, आत दगडी ओटा, बाहेर व्हरांडा आणि बाजूला पावसाचं पाणी साठवणारं स्वतःचं टाकं. मुंबईकर आत शिरला की त्याच्या मनात वैराग्याआधी कार्पेट एरिया येतो, आणि टाकं दिसलं की तो हळहळतोच. चोवीस तास पाणी, टँकरचा खर्च नाही, मेंटेनन्स नाही, सोसायटीची वार्षिक सभा नाही!

तिथले ब्राह्मी लेख मात्र वेगळीच हकिगत सांगतात. या खोल्या आणि ही टाकी कुणी दान दिली, त्याची नोंद भिंतीवर कोरलेली आहे. देणाऱ्यांत कल्याणचे लोक आहेत, सोपाऱ्याचे आहेत. व्यापारी आहेत, सोनार आहेत. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. म्हणजे कल्याण आणि नालासोपारा ही दोन टोकं तेव्हाही बोरिवलीला जोडलेली होती, फक्त गर्दी कमी असावी. संसार सोडलेल्या माणसाची खोली संसारी माणसाच्या पैशातून उभी राहिली. व्यापाऱ्याने आपल्या गाठोड्यातून थोडं बाजूला सारलं, तेव्हा कुठे भिक्षूला ध्यानाला बसायला ओटा मिळाला.

पुढे योगाचंही असंच झालं. योग म्हणजे गुहा, जटा आणि हिमालय, अशी पक्की समजूत असतानाच्या काळात, 1918 साली, श्री योगेंद्र नावाच्या जेमतेम विशीतल्या तरुणाने अंधेरीच्या वेसाव्याला योगाची संस्था काढली. आज ती ‘द योग इन्स्टिट्यूट’ म्हणून सांताक्रूझला आहे. योगेंद्रांनी केलं ते एवढंच, की योगाला डोंगरावरून खाली उतरवून बिऱ्हाडात आणलं. स्वतः लग्न केलं, संसार केला; पत्नी सीतादेवींनी 1934 मध्ये बायकांसाठी योगावरचं पुस्तक लिहिलं. ज्याच्या डोक्यावर भाड्याची चिंता आणि मांडीवर मूल आहे, त्यालाही श्वास सावकाश घेता आला पाहिजे, हा तो विचार. साधू थोडे सरकले आणि गृहस्थाला बसायला जागा झाली.

याच अंधेरीत, लोखंडवालाच्या एका बागेत, 13 मार्च 1995 रोजी सकाळी पाच माणसं जमून हसू लागली. त्यांत एक डॉक्टर होते, मदन कटारिया. हसणं हे उत्तम औषध असल्याचा लेख ते लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांना वाटलं, औषध आधी घेऊन तर बघू. जगातला पहिला हास्यक्लब तो हाच. सुरुवातीला एकेकाने मध्ये उभं राहून विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, असा शिरस्ता होता. काही दिवसांतच चांगले विनोद संपले. उरले ते कुणाच्या जातीवरचे, कुणाच्या बायकोवरचे किंवा चारचौघांत न सांगण्याजोगे. मंडळी नाराज झाली. क्लब मोडायच्या बेतात आला, तेव्हा डॉक्टरांनी तोडगा काढला. विनोदाशिवायच हसायचं. कटारियांच्या पत्नी माधुरी योग शिकवायच्या. तिथला श्वास इथे आला आणि हास्ययोग तयार झाला.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. हसण्याचं सोंग आणता येतं का, ते पाहायचं असेल तर सकाळी कुठल्याही उपनगरी बागेत जावं. ‘हो हो, हा हा हा’ म्हणत टाळ्या वाजवणारा गोल दिसेल. नमस्ते हास्यात हात जोडून समोरच्यापुढे जायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघून हसायचं. सिंह हास्यात जीभ पूर्ण बाहेर काढायची आणि हातांचे पंजे करायचे. एक भांडण हास्यही असतं, त्यात एकमेकांकडे तर्जनी रोखून हसायचं. बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर कर्जाच्या अर्जांकडे संशयाने बघितलेले एखादे काका जीभ बाहेर काढून समोरच्या काकूंवर गुरगुरतात. पहिलं मिनिटभर ते हसू शुद्ध खोटं असतं. मग काकूंना काकांच्या कवळीची काळजी वाटते, काकांना काकूंच्या डोळ्यांत ती काळजी दिसते, आणि दोघंही जे खदखदून हसतात ते अस्सल. आरशासमोर एकट्याने हा प्रयोग होत नाही. आरसा सरकत नाही.

आता शंभरावर देशांत असे क्लब आहेत म्हणतात. मीरा नायर यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मधल्या डॉ. अस्थानांनी तर हास्ययोगाची भीतीच घातली. पण एकाच्या मनःशांतीने दुसऱ्याची झोपमोड होऊ शकते, हेही उपनगरानेच जगाला दाखवलं. 2012 साली घाटकोपरच्या शेजारी, कुर्ल्याच्या शीतल तलावाकाठी जमणाऱ्या हास्यक्लबविरुद्धची तक्रार चक्क मुंबई उच्च न्यायालयापुढे गेली. सकाळी सकाळी खिडकीखाली टाळ्या आणि गडगडाट. घरातल्यांना त्रास होणारच. मला यात कुणीच खलनायक दिसत नाही. हसणाऱ्याला फुप्फुसं मोकळी करायची आहेत, झोपणाऱ्याला आणखी अर्धा तास हवा आहे, आणि दोघांच्या मध्ये अंतर जेमतेम एका कंपाउंडच्या भिंतीचं. सुदैवाने हास्ययोगात मूक हास्य नावाचाही प्रकार आहे. तोंड पूर्ण उघडं, पोट हलतंय, आवाज शून्य. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींचं प्रास्ताविक चालू असताना मागच्या रांगेत हा प्रकार पूर्वापार चालत आलेला आहे.

गोराईचं उदाहरण तर कुणी रचून सांगितलं असतं तरी खोटं वाटलं असतं. बोरिवलीहून जेट्टीवर जायचं आणि होडीने खाडी ओलांडायची. पलीकडे एस्सेलवर्ल्ड, आणि त्याच्या शेजारी 2009 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुला झालेला विपश्यनेचा पॅगोडा. एस्सेलवर्ल्ड चालू होतं त्या दिवसांत एकाच जेट्टीवर पैसे देऊन किंचाळायला निघालेले आणि गप्प बसायला निघालेले असे दोन्ही प्रकारचे प्रवासी भेटायचे. उतरल्यावर दोघांची तोंडं दोन दिशांना. संध्याकाळी परतताना दोघांच्याही चेहऱ्यावर साधारण सारखाच थकवा आणि सारखंच समाधान.

पॅगोडाच्या आत उभं राहून वर बघावं. साधारण 8,000 माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतील एवढा घुमट, आणि त्याला आतून एकही खांब नाही. राजस्थानातून आणलेले शेकडो किलोंचे दगड एकमेकांत अडकवत वर नेले आहेत. प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि त्याच रेट्यावर टिकतो. एकही जण ‘मला माझी स्पेस हवी’ म्हणाला, तर खाली बसलेल्यांची तत्काळ मुक्ती! हा पॅगोडा ज्या जमिनीवर उभा आहे तीही दानातूनच आलेली. पुन्हा कुणीतरी सरकलं.

इतकं लांब जायला वेळ नसेल, त्याने लोकलमधली चौथी सीट बघावी. रेल्वेच्या हिशेबाने बाक तिघांचा असतो. चौथा येतो, काही बोलत नाही. हनुवटीने अर्धा इंच इशारा करतो, फार तर ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो. तिघांनाही ठाऊक असतं की सरकायला जागा नाही. तरी खिडकीजवळचा खांदा तिरका करतो, मधला मांडीवरची बॅग उभी धरतो, तिसरा श्वास आत घेतो, आणि नसलेली चार बोटं जागा निर्माण होते. चौथा बसतो म्हणजे अर्धा बसतो. एक मांडी बाकावर, दुसरी हवेत, एक पाय वाटेत रोवलेला. योगेंद्रांच्या संस्थेत या आसनाला काय म्हणतील ठाऊक नाही, पण मुलुंडहून दादरपर्यंत ते न डगमगता करणारे साधक रोज हजारोंनी दिसतात. बायकांच्या डब्यात तर याची पुढची पायरी आहे. ‘तुम्ही कुठे उतरणार?’ हा तिथला पहिला प्रश्न. बसलेलीने ‘घाटकोपर’ म्हटलं की ती जागा बोलून ठेवली जाते, तिच्यामागची दुसरी बोलते, आणि कागदाचा चिटोरा न वापरता सात-आठ जणींचा हिशेब चोख राहतो. फर्स्ट क्लासात मात्र चौथी सीट अवघड. पास महाग झाला की माणूस रुंद होतो.

पुस्तकं आपल्याला वाढायला सांगतात. ते चुकीचं नाही. पण कितीही वाढलं तरी बाक तिघांचाच राहणार. घरी म्हाताऱ्यांच्या मालिकेसाठी क्रिकेटच्या शेवटच्या षटकातून उठणं, परीक्षेच्या दिवसांत वरच्या मजल्यावरच्यांनी मिक्सर उशिरा लावणं, बागेत हसणाऱ्यांनी खिडकीपासून वीस पावलं पलीकडे जाणं, ही सगळी चार-चार बोटांचीच सरकासरकी आहे. ती कुठल्या डायरीत लिहून ठेवावी एवढी मोठी नाही. आणि ती रोज नव्याने करावी लागते, कारण काल सरकलेला माणूस रात्रीत परत ऐसपैस होतो.

म्हणून आपला आत्मविकास कितपत झाला, हे ध्यानाला बसून स्वतःलाच विचारू नये. स्वतःचं उत्तर स्वतःच्या बाजूने लागतं. शेजारी टेकलेल्या चौथ्या माणसाला विचारावं. मात्र विचारायचं तर विक्रोळी सुटायच्या आत. घाटकोपरला तो मेट्रोसाठी उतरतो.